उचकी

पडद्यावरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.
मनगटावर तीन बोटं, आणि पूर्ण एक मिनिट.
अर्धंच मोजून दुप्पट करणारीला
मी एकदाच समजावते:
चुकणारा ठोका नेमका उरलेल्या अर्ध्यात असतो.

सहा नंबरच्या खाटेवर बोस्त्यांव,
जुव्याचा, खाजनातल्या मानशीचा राखणदार.
बांधावर तीनदा घेरी येऊन पडला,
तिसऱ्यांदा पाण्यात.
बांबोळीला आणला तेव्हा नाडी अठ्ठावीस.

डॉक्टरांनी काढलेलं चित्र त्याला पटलं नाही.
भरती आली की मानशीच्या फळ्या आपोआप मिटतात,
ओहोटीला आपोआप उघडतात,
तिथं वीज लागत नाही, सिस्तर. इथं कशाला?
मी म्हटलं, वरच्या खणातून हाक जाते,
खाली पोचत नाही.
"म्हणजे वरचा ओरडतो,
आणि खालचा सोरो पिऊन निजलाय."
पुस्तकात याला फार लांब नाव आहे.
नव्या मुलींना मी आता बोस्त्यांवचंच सांगते.

पेटी उजवीकडे बसवली, कारण तो डावखुरा.
उजवा हात झोळीत. सहा आठवडे खांद्याच्या वर नाही.
फळी उचलायची नाही, जाळं फेकायचं नाही,
शर्ट घालताना आधी दुखऱ्या हाताची बाही.
फोन डाव्या कानाला.
पिदाद ऐकत होती,
तेर्साचा एक मणी चिमटीत तसाच धरून.

रात्री दोन वीसला तिनं मला बोलावलं नाही.
मीच गेले. पडद्याआडून आवाज येत होता,
बारीक, हट्टी.
"रोकनं याद काढली बापायची," ती म्हणाली.
"तारवार आहे ना, ब्राझीलच्या बाजूला.
तिथं आता सांज."
बोस्त्यांवही हसत होता
दोन उचक्यांच्या मधल्या फटीत.

बोटं मनगटावर, डोळे पोटावर.
उचकी, ठोका. उचकी, ठोका.
मिनिटाला सत्तर. ना एक कमी, ना एक जास्त.
इतकी काटेकोर कुणाची आठवण नसते.
आठवण उशिरा येते, दोनदा येते,
मध्येच कामाला निघून जाते.

मग एक उचकी आली
आणि तिच्या मागून ठोका आला नाही.

पडद्यावर उभी रेघ. रेघेमागे सपाट.
आकडा मात्र सत्तरच सांगत होता,
रेघांनाच ठोके समजून.

वेळीपला म्हटलं, पट्टे आण, ट्रे आण, पळू नकोस.
ती पळालीच.
त्याला डाव्या कुशीवर घेतलं, पोट थोडं निवलं.
फोनवर म्हटलं, सर, तार सरकलीय,
काळजाला कमी, पडद्याला जास्त लागतेय.
सर आले तेव्हा शर्ट उलटा होता.

पिदादला बाहेर बसवलं.
तार जरा हलली, नीट करतील, एवढंच सांगितलं.
रोकबद्दल काही बोलले नाही.

साडेपाचला त्याला परत आणलं.
प्रत्येक रेघेमागे आता डोंगर, रुंद, बेढब,
पण एकही गळत नाही.
पिदादनं त्याच्या पोटावर तळवा ठेवला,
बराच वेळ वाट पाहिली.
"थांबली?"
थांबली.
"म्हणजे विसरला?"

सूचनांच्या कागदावर चौदा मुद्दे आहेत.
ताप, सूज, घेरी, चुंबक,
खिशात कायम ठेवायचं कार्ड.
उचकी नवव्या क्रमांकावर आहे:
सतत आल्यास त्वरित कळवा.
थांबल्यास काय, ते छापलेलं नाही.

मी तिचा फोन घेतला. रोकचा नंबर लावून
बोस्त्यांवच्या डाव्या कानाला धरला.
रिंग जात राहिली, कुठल्या तरी समुद्रावर.
दुसऱ्या हातानं मी नाडी मोजत होते,
एकेचाळीस, बेचाळीस,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मध्येच आकडा चुकले.

पुन्हा पहिल्यापासून.
पूर्ण एक मिनिट.